गवंड्याच्या कमरेइतका ओटा

बाजारातल्या एका जुन्या इमारतीत, जिन्याच्या पोटात, एक दुकान आहे. दुकान म्हणजे काय, जिना वर चढताना खाली जी तिरकी जागा उरते तिला दार बसवलेलं. आत एक शिलाई मशीन, एक उभा आरसा, कपड्यांचे गठ्ठे आणि एक बाई. नवे कपडे ती शिवत नाही. लोक दुकानातून तयार कपडे घेतात, घरी नेऊन घालून बघतात, आणि मग तोंड पाडून तिच्याकडे येतात. बाही लांब झाली, कंबर ढगळ झाली, कोट पाठीवर फुगला. ती उसवते, आत घेते, सोडते, दुमडते. तीस वर्षं हेच काम.

तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या, अंगाने बारीक, उंची जेमतेम पावणेपाच फूट आणि बोलणं टोचणारं, म्हणून बाजारात तिला सगळे टाचणी म्हणतात. तोंडावर म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती पटकन ओ देत नाही.

तिची नजर मात्र मापाची. गिऱ्हाइकाने आत पाऊल टाकलं की, "डावा खांदा पडलाय तुमचा. पिशवी नेहमी त्याच हातात असते ना?" गिऱ्हाईक चाट पडायचं. माप घ्यायच्या आधी ती माणसाला पाठमोरं उभं करायची. "पुढून सगळे ऐटीत उभे राहतात," म्हणायची. "पाठीला खोटं बोलता येत नाही."

अशी ही बाई संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकघरात शिरली की तिचं डोकं फिरायचं.

त्याला कारण होतं. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिला हौसेने सगळं घर दाखवलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाले, "आणि हा ओटा. तुझ्या सासूच्या मापाने बांधून घेतलाय, बरं का." सासूबाई उंच, ताठ, टाचणी जेमतेम त्यांच्या हनुवटीला लागायची. ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. ओट्याची कड तिच्या बरगड्यांना टेकली. नव्या सुनेने काय बोलायचं? ती हसली आणि म्हणाली, "छान आहे."

त्या "छान आहे"ची किंमत तिने पुढे पंचवीस वर्षं मोजली. पीठ मळताना टाचा उचलायच्या, दंडांनी जोर लावायचा. शेगडी ओट्यावर, त्यामुळे मोठ्या पातेल्यात काय शिजतंय ते दिसायचंच नाही. ते वासावरून आणि आवाजावरून ओळखायचं. दिवा पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे सुरी ठेवायची तिथे नेमकी स्वतःचीच सावली. समोर खिडकी होती, पण काचांना कुणीतरी कधीकाळी निळा रंग फासलेला, आणि त्यापुढे फळी ठोकून डबे मांडलेले. वरच्या डब्यांसाठी स्टूल. एका कोपऱ्यात तिचं पहिलं पायमशीन मेणकापडाखाली पडून होतं. दुकानात जागा नाही म्हणून घरी आलेलं, आणि घरात जागा नाही म्हणून स्वयंपाकघरात. त्यावर बटाट्यांचं पोतं.

आग लागल्यासारखी ती आत जायची आणि चाळीस मिनिटांत सगळं उरकून, आग विझवून आल्यासारखी बाहेर यायची. ती आत असताना तिकडे फिरकायचं नाही हे नवऱ्याला कळलं होतं. लेकीलाही कळलं होतं; ती आता बाहेरगावी नोकरीला होती, पण फोनवरसुद्धा आधी विचारायची, "आई, स्वयंपाक झालाय ना? मग बोलते."

दिवसभर दुसऱ्यांचे कपडे अंगाला बसवून देणाऱ्या बाईला आपल्या ओट्याचं काही करावं असं का सुचलं नाही? तर तिच्या लेखी तो ओटा बिघडलेला नव्हताच. तो मालकिणीला बसत होता. फक्त ती मालकीण आपण नव्हे. दुसऱ्याचा कोट अंगावर चढवून कुणी त्याला नावं ठेवत नाही, तसंच हे.

*

सासरे गेल्यावर सासूबाई थोरल्या मुलाकडे राहायला गेल्या, त्याला नऊ वर्षं झाली होती. तोवर दुपारचा स्वयंपाक त्या करायच्या, टाचणी दुकानात असताना. थोरल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिने बंद सांगितले. टाचणीचं घर तळमजल्यावर. त्यामुळे एका सकाळी सासूबाई, त्यांची काठी, औषधांची पिशवी आणि एक ट्रंक अशी वरात दारात उतरली.

नऊ वर्षांत त्यांची उंची अर्धी झाली होती की काय असं टाचणीला वाटलं. पाठ वाकलेली, मान पुढे. पण नजर तशीच, सगळ्या घरावरून एकदा फिरून आलेली.

नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला. त्याची पाळी बदलती. कधी दिवसा झोपलेला, कधी दिवसभर बाहेर. टाचणी दुकानात. सासूबाईंनी दिवसभर भिंतीशी बोलायचं तरी किती? संध्याकाळी सून घरी आली की त्या काठी टेकत टेकत यायच्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत. बघायच्या.

टाचणीला तेच खुपायचं. परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. हातून डबा निसटायचा, झाकण घरंगळायचं.

"आई, बसा ना तुम्ही बाहेर. पाय दुखेल."

"दुखतोच आहे. इथे दुखला काय, तिथे दुखला काय."

"काही हवंय का?"

"नाही गं. तू कर तुझं."

आता "तू कर तुझं" म्हटल्यावर कुणाला काही करता येतं का? आठ दिवस तिने कळ काढली. नवव्या दिवशी कांदा चिरताना तिच्या मनात आलं, आता या म्हणतील एवढा जाड का चिरतेस. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. पण त्या म्हणतील म्हणून टाचणीने हात भरभर चालवला. सुरी कांद्यावर होती की सावलीवर, ते तिलाही सांगता आलं नसतं. डाव्या हाताची तर्जनी पेरापर्यंत कापली गेली.

नवरा घरी होता म्हणून बरं. त्याने बोटाला फडकं गुंडाळलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चार टाके घातले. टाचणी रडकुंडीला आली होती, तरी त्यांच्या हाताकडे बघून म्हणाली, "शेवटचा टाका ओढला गेलाय. सुरकुती पडेल." डॉक्टर म्हणाले, "पडू दे. तीन आठवडे हाताला पाणी नाही, सुई नाही, सुरी नाही."

तर्जनी नाही म्हणजे कापड धरता येत नाही. दुकानाला कुलूप लागलं. आणि घरात प्रश्न उभा राहिला, खायचं काय?

*

नवऱ्याला भात येत होता, अंडी येत होती आणि बटाटे उकडता येत होते. "तीन आठवडे कुणी मरत नाही," असं म्हणून त्याने बाह्या वर केल्या. पाळी सांभाळून दोन वेळचं त्याने अंगावर घेतलं. सूचना देण्यासाठी टाचणीने दारात खुर्ची टाकली. सासूबाई उभ्या, आपण बसलेल्या, हे बरं दिसेना, म्हणून दुसरी खुर्ची टाकली. अशा त्या दोघी, नाटकाला आल्यासारख्या, शेजारी शेजारी बसल्या.

पहिले दोन दिवस टाचणीचं तोंड सारखं चालू होतं. मीठ आत्ता नको, गॅस बारीक करा, अहो, ते झाकण त्याचं नाही. तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली. नवरा पाठमोरा उभा होता, आणि तिची नजर सवयीने त्याच्या पाठीवर गेली.

पाठ सरळ होती. खांदे खाली, सैल. कोपरं अंगालगत. एक पाय दुसऱ्यावर टाकून तो मजेत बटाटे कापत होता आणि नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होता. पंचवीस वर्षांत त्या ओट्यापाशी कुणी गुणगुणल्याचं तिला आठवेना.

"बसलाय बघ त्याला ओटा," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्यावरच गेलेत ना उंचीला," टाचणी म्हणाली. "तुम्हाला बसला म्हणजे त्यांनाही बसणारच."

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तो माझ्याहूनही उंच आहे. मला बसत होता असं कुणी सांगितलं तुला?"

"मामंजींनी. पहिल्याच दिवशी. तुमच्या मापाने बांधून घेतलाय म्हणाले."

"माझ्या मापाने!" सासूबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की नवऱ्याने मागे वळून बघितलं. "अगं, मी त्या वेळी माहेरी होते, याच्या थोरल्या भावाच्या बाळंतपणाला. परत आले तर ओटा तयार. गवंडी होता सहा फुटी धिप्पाड. तुझ्या सासऱ्यांनी त्याला म्हणे सांगितलं, आमची बायको उंच आहे, हिशेबाने कर. त्याने स्वतःच्या कमरेला हात लावला आणि म्हणाला, इथवर चालेल ना? हे म्हणाले, चालेल. झालं माप!"

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले की. पीठ मळताना माझी कोपरं अशी व्हायची." सासूबाईंनी दोन्ही कोपरं बाजूला उचलून दाखवली, काठी खाली पडली. "कोंबडी पंख झाडते तशी. म्हटलं, चार बोटं खाली घ्या. तर म्हणाले, आता फरशी बसली, नळ बसला, आता काय खाली घेणार. नंतर आल्या-गेल्याला कौतुकाने सांगायला लागले, हिच्या मापाचा ओटा. चारचौघांत त्यांना खोटं कसं पाडायचं? राहिलं ते राहिलंच."

टाचणीने काठी उचलून त्यांच्या हातात दिली. तिने विचारलं, "आई, तुम्हाला इथे यायला आवडायचं का? स्वयंपाकाला?"

"आवडायचं कसलं? सुटले म्हणून तर थोरल्याकडे गेले," सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू भरभर आटपून बाहेर यायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, हिला बरं जमतं बाई. मला एवढ्या लवकर कधी सुटता आलं नाही."

नवरा झारा हातात घेऊन दोघींकडे वळला. "म्हणजे," तो म्हणाला, "पन्नास वर्षं या घरात त्या गवंड्याच्या मापाचा ओटा आहे? जो चार दिवस आला आणि परत कधी फिरकलाही नाही?"

"आणि इथे ज्याने एक कांदा चिरला नाही," सासूबाई म्हणाल्या.

आधी टाचणीला हसू फुटलं. मग सासूबाईंना. दोघी इतक्या हसल्या की टाचणीचं बोट ठणकायला लागलं आणि नवऱ्याचे बटाटे करपले.

*

हसून झालं, पण त्या रात्री जेवतानाही टाचणीच्या मनात तेच घोळत होतं. कुणाचाही नसलेला कपडा आपण दोघींनी एकीमागून एक, मुकाट्याने, दुसरीचा समजून घातला. याचा राग यावा तर कुणावर? सासरे गेले. गवंडी कुठे असेल कोण जाणे. आणि खरं सांगायचं तर तिला राग आलाच नव्हता. काम दिसायला लागलं होतं. समोर माल येऊन पडावा तसं.

दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप अडकवून ती स्वयंपाकघरात गेली. एका हाताने टेप धरता येईना, म्हणून दुसरं टोक सासूबाईंनी धरलं. जमिनीपासून ओटा अडतीस इंच. टाचणीचं कोपर छत्तीसला थोडं कमी. म्हणजे ओटा कोपराच्याही वर! गिऱ्हाइकांची मापं लिहायची तिची वही होती. त्यात एका कोऱ्या पानावर तिने वर लिहिलं, "स्वयंपाकघर", आणि खाली आकडे मांडले. नवरा म्हणाला, "ओटा फोडूनच टाकू." ती म्हणाली, "थांबा. आधी बघू दे. कपडा फाडायचा शेवटी."

तिच्या दुकानासमोर एक घड्याळवाले काका बसतात. बोटाची चौकशी करायला ते घरी आले, तेव्हा तिने त्यांच्यापुढे वहीच उघडली. त्यांचं स्वतःचं टेबल तिने रोज बघितलेलं होतं. छातीपर्यंत उंच, लहान मुलाला मोठ्यांच्या टेबलाशी बसवावं तसे ते त्यापाठी दिसायचे.

"काका, तुमचं टेबल एवढं उंच का? तुम्हाला त्रास नाही होत?"

"उंच असलं तरच बरं," काका म्हणाले. "मला जोर लावायचा नसतो, बारीक बघायचं असतं. कोपरं टेकली की हात थरथरत नाही. पण आमच्या शेजारचा लोहार घ्या. त्याची ऐरण मांडीला लागते. माणसाचं माप घेता तुम्ही, ते ठीक. पण टाचणीबाई, तो माणूस करतो काय, तेही बघायला हवं ना?"

हे तिला एकदम पटलं. शर्टाचं माप आणि कोटाचं माप एकाच अंगाचं असलं तरी वेगळं असतं, हे ती रोजच सांगत आली होती. पीठ मळायला जोर लागतो, म्हणजे जागा खाली हवी. चिरायला मध्यम. निवडायला, सोलायला बसून काम भागतं. एकच ओटा सगळ्याला कसा पुरणार?

ती कोपऱ्यातल्या पायमशीनकडे बघायला लागली. नवऱ्याकडून बटाट्यांचं पोतं उतरवून घेतलं, मेणकापड काढलं. टेबल तीस इंच. मशीनचं डोकं वर उभं होतं ते टेबलाच्या पोटात खाली सोडलं, फळी सपाट केली आणि उभी राहून उजवा तळवा त्यावर दाबून बघितला. खांदे जिथल्या तिथे राहिले. टाचा जमिनीवर होत्या.

"हे घ्या," ती म्हणाली. "पीठ इथे."

"आणि मी इथे बसते," असं म्हणून सासूबाईंनी खुर्ची ओढून मशीनच्या दुसऱ्या बाजूला टाकलीसुद्धा. पाय आपोआप खालच्या पायट्यावर गेले. मशीन चालत नव्हतं, पण पायटा हलत होता. डॉक्टरांनी गुडघा हलवत राहा म्हणून सांगितलंच होतं.

चिरण्यासाठी आणि शेगडीसाठी नवऱ्याने ओट्याच्या लांबीची, सहा इंच उंचीची लाकडी पायरी करून आणली. पंपावरच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या. ठोकठाक त्यानेच केली. टाके निघाल्यावर टाचणी त्यावर चढली आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला पातेल्याचा तळ दिसला. "अगं बाई," ती म्हणाली, "केवढं काळं झालंय हे!"

पण त्याच पायरीने चौथ्या दिवशी घात केला. सासूबाई पाणी घ्यायला नळाकडे वळल्या. काठीचं टोक पायरीच्या कडेला अडलं आणि त्या पुढे झोकांडल्या. टाचणीने मागून धरलं म्हणून पडल्या नाहीत, पण दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. टाचणीने तिथल्या तिथे पायरी उचलली आणि अंगणात नेऊन आपटली.

"नकोच ती. ज्याने तुमचा पाय मोडेल ते मला नको. इतकी वर्षं गेली तशी पुढची जातील."

"आण ती आत," सासूबाई खुर्चीत बसून धापा टाकत म्हणाल्या.

"आई..."

"आण म्हटलं ना. मी चार बोटांसाठी गप्प बसले आणि आयुष्य गेलं. तू आता माझं निमित्त करून गप्प बसू नकोस. तुझं कामच आहे ना ते? बाही लांब झाली तर तू काय हात कापतेस? दुमडतेस. मग ही दुमड."

टाचणी अंगणात गेली आणि तिने पायरी उलटसुलट करून बघितली. मग तिने नवऱ्याला हाक मारली. ओट्याखाली पिंपं ठेवायची जागा होती. पिंपं हलवली तर पायरी आत सरकत होती. तिने जाड पट्टा दुहेरी शिवून पायरीच्या कडेला ठोकायला लावला. पट्टा पायाच्या बोटाने ओढला की पायरी बाहेर, ढकलली की आत. उतरलं की आत ढकलायची, हा नियम. एकदा ती विसरली, तेव्हा सासूबाईंनी काठीने जमिनीवर असा ठोका दिला की पुन्हा विसरण्याची तिची छाती झाली नाही.

मग बाकीचं सुचत गेलं. दुकानातला मशीनवरचा वाकता दिवा तिने घरी आणला आणि डावीकडून उजेड येईल असा लावला. सावली पाठीमागे गेली. रोज लागणारे डबे हाताच्या उंचीला आले. जे महिन्यातून एकदा लागतात ते वर गेले, आणि कधीच लागत नाहीत असे सात डबे निघाले, ते बाहेर गेले. खिडकीपुढची फळी निघाली. निळा रंग खरवडायला ब्लेड घेऊन नवरा-बायको दोन सुट्ट्या बसली. पलीकडे काय निघावं? शेजारच्या घराची भिंत, एक पाइप, आणि भिंतीच्या कडेने दिसणारा रस्त्याचा तुकडा, जिथे बस वळते. एवढंच. पण सासूबाईंना ते पुरलं. कोणती बस उशिरा आली, कोणता ड्रायव्हर वळणावर हॉर्न वाजवतो आणि कोणता नाही, हे त्यांना पाठ झालं.

सगळं गोड झालं असं नाही. सासूबाई शेंगा सोलता सोलता मिठावरून बोलायच्या, टाचणी उलट बोलायची, मग दोघी रुसायच्या. आणि खोली एवढीशी की रुसूनही एकमेकींसमोरच बसायचं. नवऱ्याला आता आत यावंसं वाटायचं आणि त्याला जागाच उरली नव्हती. तो दारात उभा राहून चहा प्यायचा. स्वयंपाक लांबायला लागला. जेवायला उशीर व्हायचा. लेकीने फोनवर विचारलं, "झाला का स्वयंपाक?" तर टाचणी म्हणाली, "नाही, चाललाय. बोल तू."

*

बाजारात गोष्ट लपून राहत नाही. घड्याळवाल्या काकांनी ती चार जणांना सांगितली. मग गिऱ्हाइकं पँटच्या मापाबरोबर ओट्याचं माप विचारायला लागली. टाचणी म्हणायची, "असं सांगून कळत नाही. यावं लागेल." आणि ती खरंच जायला लागली, रविवारी, गळ्यात टेप अडकवून. गेली की पहिलं म्हणायची, "एक कांदा चिरा," आणि मागे उभी राहून बघायची. सांगायची ते फार नसायचं. दिवा इथून तिथे न्या. पायाखाली हे घ्या. ही बरणी खाली ठेवा.

एका रविवारी घड्याळवाल्या काकांच्या सुनेकडे जायचं ठरलं. घर तळमजल्यावर, दोन गल्ल्या सोडून. म्हणून सासूबाईही हट्टाने निघाल्या. काकांची सून शाळेत मास्तरीण. स्वयंपाकघर नेटकं होतं. तिने कांदा चिरला. पाठ ठीक, खांदे ठीक, उजेड ठीक. टाचणी चक्रावली. मापात काहीच चूक निघेना.

"इथे एक खुर्ची मात्र बसेल," टाचणी कोपरा दाखवत म्हणाली. "कुणी सोबतीला बसलं की वेळ बरा जातो. आमच्याकडे..."

मास्तरीण नुसती हसली. हसली, पण खांदे वर गेले. टाचणीने ते बघितलं. पण काय विचारावं ते तिला सुचेना.

विचारलं ते सासूबाईंनी. "मास्तरीणबाई, तुम्हाला इथे आवडतं का?"

मास्तरणीने सुरी खाली ठेवली. बाहेरच्या खोलीत काका, तिचा नवरा आणि दोन मुलं होती. ती आवाज खाली आणून म्हणाली, "रागावू नका हं. आवडतं. फार आवडतं. दिवसभर साठ पोरं कानाशी असतात. घरी आले की ही सगळी. इथे मी एकटी असले ना, तर मला तासभर काही नको असतं. पण कुणी ना कुणी आत येतं. बोलायला, डबा उघडायला, नुसतं बघायला. सगळ्यांना वाटतं मी कंटाळले असेन, म्हणून सोबत करायला येतात."

सासूबाई काठी टेकून उठल्या. "चल गं," त्या सुनेला म्हणाल्या, "आपण बाहेर बसू. हिला कांदा संपवू दे."

दोघी बाहेर येऊन बसल्या. काकांनी विचारलं, "काय निघालं माप?" टाचणी म्हणाली, "सांगते," आणि आतल्या चौकटीकडे बघत राहिली. त्या स्वयंपाकघराला दारच नव्हतं. चौकट होती, दार कधी काढून टाकलं होतं देव जाणे. प्रत्येक घरात खुर्ची टाकायचं आपण मनाशी पक्कं करून निघालो होतो, हे तिच्या ध्यानात आलं. त्या गवंड्याने स्वतःच्या कमरेला हात लावला होता, तसंच की हे.

तिने उठून चौकटीची रुंदी-उंची घेतली. आठवड्याने मास्तरणीच्या घरी एक पडदा गेला. जाड कापडाचा, दुहेरी, खाली वजनासाठी पट्टी शिवलेली, म्हणजे वाऱ्याने उडायला नको आणि बाहेरचा आवाजही जरा कमी यावा. काका पडदा हातात धरून म्हणाले, "टाचणीबाई, हे स्वयंपाकघराला कशाला?"

"लावा तर," टाचणी म्हणाली. "आणि तो ओढलेला असला की कुणी आत जायचं नाही. तुम्हीसुद्धा. चहा लागला तर माझ्याकडे या. आमच्याकडे आई बसलेल्या असतात, त्यांना बोलायला माणूस हवंच असतं."